जा न म्हणणारं घर

लातूर,
१६ सप्टेंबर २०१६

चि. मृण्मयीला आत्याचे पोटभर आशीर्वाद. त्यात शेजारच्या नाझनीन खालाचा सलाम, मेसच्या स्वयंपाकघरातून जगदेवीचा रामराम आणि वरच्या मजल्यावर फिजिक्सशी भांडणाऱ्या एकवीस पोरींचे नमस्कारही धरून घे.

इकडे सगळं ठीक आहे. आमच्या वेळी पत्रात 'पाऊसपाणी कसं आहे' असं विचारायचे. तुला मात्र 'बर्फ कसा आहे' असं विचारावं लागतं. तर, बर्फ कसा आहे? या वर्षी तरी वेळेवर धरेल का? एप्रिलमध्ये आम्ही इथे रेल्वेनं आलेलं पाणी प्यालो, हंड्यांच्या रांगा लावल्या, आणि तेव्हाच तू लिहीत होतीस की तिकडे बर्फ वितळून चाललाय. जगदेवी म्हणाली, "मग दोन डबे हिकडं लावून द्या म्हनावं." तिला मी उत्तर ध्रुवाकडच्या तुझ्या त्या गावाचं नाव सांगायला गेले, पण ते नाव मला चार वर्षांत एकदाही धड उच्चारता आलेलं नाही.

हे पत्र नेहमीसारखं नाझनीन पानापानाचे फोटो काढून मोबाइलवरून पाठवील. फोनवर तुझा आवाज तुटतो आणि माझा फुटतो, म्हणून आपलं पत्रच बरं. फोटो काढताना ती सगळं वाचते. वाचत नाही म्हणते, पण तिच्या शीरखुर्म्यात यंदा साखर जास्त झाली असं मी तुला लिहिलं, तर बाई चार दिवस बोलली नाही. उर्दू शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापकीण होती, दुसऱ्याचा कागद वाचायची सवय जाता जात नाही.

तू पाठवलेला फोटो मोठा करून बेसिनच्या वर लावलाय. पांढरी अस्वल-आई आणि तिच्या पायात घुटमळणारं पिल्लू. फोटो आला गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, त्यामुळे पोरींनी पिल्लाचं नाव ठेवलं मोदक. आईला नाव सुचेना. शेवटी धर्माबादची महादेवी म्हणाली, "मोदकची आई म्हनायचं. आमच्या गल्लीत असंच म्हनतेत." आता हात धुताना रोज त्या दोघांची चौकशी होते.

मी त्यांना तू सांगितलंस तसं समजावलं. की हे प्राणी समुद्रावर धरलेल्या बर्फावर उभं राहून सील मारतात, बर्फ नाही तर जेवण नाही. आणि बर्फ आता उशिरा धरतो, लवकर फुटतो. तोवर त्यांनी किनाऱ्यावर उपाशी बसून राहायचं. उपाशी जनावर वासाच्या मागे गावच्या कचऱ्यावर येतं, गाव घाबरतं, आणि घाबरलेल्या गावाच्या हातात बंदूक असते. म्हणून तुमची चौघांची गस्त बंदुकीच्या आधी पोचते आणि त्याला हुसकावून लावते. महादेवी सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे त्यांचं बी वर्ष वाया चाललंय." दुसऱ्यांदा परीक्षेला बसणारी पोर, तिला दुसरं काय सुचणार.

औसा रोडवर आता क्लासच्या पाट्यांनी आभाळ दिसत नाही. पहिल्या आलेल्या लेकरांचे फोटो एवढे मोठे, की खऱ्या लेकरानं खाली उभं राहिलं तर ओळखू येऊ नये. तुझ्या वेळी एवढं नव्हतं. तुला डॉक्टर करायचं, अभ्यासाला सोबत हवी, म्हणून मी ही मेस काढली होती. तू बारावी झाल्यावर नांदेडला प्राणिशास्त्राला निघून गेलीस आणि मेस मात्र माझ्या गळ्यात राहिली. चिडून लिहीत नाही. या पोरी नसत्या तर मी दिवसभर कुणावर ओरडले असते?

सोबत पार्सल स्वतंत्र पाठवलंय. त्यात येसर, शेंगदाण्याची चटणी, आणि तू मागितलेली गोफण. अस्वलं हुसकायचे फटाके संपत आले आहेत, गोफणीचा आवाज चालेल का बघते, असं तू लिहिलंस, तेव्हा मला हसू आलं. जगदेवीला मात्र आलं नाही. तिनं कुठूनशी अंबाडी आणली, दोन दिवस बसून दोरी वळली. लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की ती शेतातल्या माळ्यावर उभी राहून दिवसभर पाखरं हाकायची. म्हणाली, "दगूड त्येच्या अंगावर घालायचा न्हाई म्हनावं. बाजूला टाकायचा. गोफन मारायला नसती, भेडवायला असती."

मी तिला म्हटलं, पण हे कसलं राखणं? राखण म्हणजे जवळ बसणं, मायेनं बघणं. ही तर त्या बिचाऱ्या मायलेकरांना हाकलून देते. जगदेवी भाकरी थापता थापता म्हणाली, "राखन हाकलूनच होती, बाई. जवळ बसून काय राखलं जातंय? कनीस बी वाचतंय आन् पाखरू बी वाचतंय. न्हाई हाकललं तर कुनी जाळं लावतंय, कुनी इख ठिवतंय." तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, भाकरी करपते.

आणि एक. तू लिहिलंस की गस्तीतले सगळे आपापल्या बोलीत ओरडतात आणि तू मराठीत ओरडतेस, 'जा, घरी जा!' पुढे लिहिलंस, 'आत्या, तुझ्या घरात जन्मभर न वापरलेला शब्द इथे पोत्यानं संपवते.' वाचून मी चष्मा काढून ठेवला. खरंच, किती छळलं मी तुला त्या शब्दावरून. आपल्यात निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरचे 'ये' म्हणतात, हे सगळीकडेच आहे, पण मी म्हणजे अतीच. तू सहा वर्षांची असताना मांजर दुधाशी आलं, तर तू घाबरून त्याला म्हणालीस, "मनीबाई, नंतर या." ती काय नंतर येणार? तिथेच बसून पातेलं चाटून गेली.

काल चतुर्दशी झाली. पोरींनी विसर्जन बादलीतच केलं. मी नेहमीप्रमाणे आतच होते. तुला माहीत आहे, त्या दिवशी मला जरा बरं नसतं.

माझी तब्येत ठणठणीत. जिना चढताना थोडा दम लागतो, पण जिनाही म्हातारा झालाय. वरच्या पोरींकडे हल्ली जगदेवीच बघते. काळजी करू नकोस, अंगभर कपडे घाल, आणि मोदकचं कळव.

तुझी,
आत्या


लातूर,
४ ऑक्टोबर २०१६

चि. मृण्मयीला अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं, गोफण पोचली, आणि पहिल्याच फेकीत तू स्वतःची टोपी उडवलीस, हे वाचून सगळी मेस हसली. जगदेवी तेवढी गंभीर. म्हणाली, "दोरी येळेवर सुटली न्हाई. बोटं उगडायला भ्याली ती." तुमच्या गस्तीतले म्हातारे शिकारीबाबा ती गोफण हातात घेऊन किती वेळ बघत होते, तेही मी तिला वाचून दाखवलं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, त्यांना बी एक वळून देऊ.

पण पुढचं वाचलं आणि ताट बाजूला सारलं. मोदकची आई गावात दुसऱ्यांदा आली. बरगड्या दिसतात म्हणतेस. दोन्ही वेळा तू हुसकावलीस, आणि आता गाव म्हणतंय, तिसऱ्यांदा आली तर गोळी. त्यांचंही चूक नाही, त्यांचीही लेकरं रस्त्यावर खेळतात. त्यात गस्तीतला एक जण पाय मोडून घरी बसला, राहिलात तिघं. बर्फ धरायला अजून दीड-दोन महिने. पिल्लाची आई गेली तर पिल्लूही जगत नाही, असं तू एका ओळीत लिहून टाकलंयस. ती ओळ मी पोरींना वाचून दाखवली नाही.

इथे पाऊस लागलाय. ज्या लातुरात मार्चमध्ये हंडाभर पाण्यावरून डोकी फुटायची वेळ आली होती, तिथे आता नाल्या तुंबल्या म्हणून ओरड. देणाराही असा की मोजमाप नाही. घटस्थापना झाली, पोरींनी घटाजवळ मोदकसाठी एक दिवा लावलाय. त्याचं बर्फाला काय होणार ते देवीलाच माहीत.

दसरा झाल्यावर मी आठवडा-दोन आठवडे सोलापूरला जाणार आहे. माझ्या जुन्या मैत्रिणीच्या मुलीचं लग्न आहे. तेव्हा पत्र आलं नाही तर घाबरू नकोस. मेस जगदेवी बघेल. माझी तब्येत उत्तम.

तुझी,
आत्या

बेटा मृण्मयी, खाला लिहून राहिली. तुझी आत्या आत चहा करते, तोवर घाईत लिहिते. बेटा, ती झूट बोलून राहिली. तुळशीचं लग्न लागल्याबिगर तुमच्यात कुणाचं लग्न लागतं का? मैं मुसलमान, पण मलासुदा ठाऊक हाय. खोटं बोलायचं तरी अक्कल लावून बोलावं. सोलापुरात तिच्या हार्टचं ऑपरेशन हाय, बावीस तारखेला. तीन नसा बंद निघाल्या. डॉक्टरसाब म्हणले, लई थांबू नका. तुला बोलायचं न्हाई म्हणून तिनं मला कसम घातली. मी बोलले न्हाई. लिहिलं. अल्ला माफ करील, तुझी आत्या करेल का मालूम नाही.


लातूर,
१३ ऑक्टोबर २०१६

प्रिय मृण्मयी,

आज 'चि.' लिहिलं नाही. आज मी तुझ्याशी बरोबरीनं बोलणार आहे, आणि बोलून झाल्यावर तू माझ्याशी कसं बोलायचं ते तूच ठरव.

नाझनीनवर मी दोन दिवस रागावले. तिसऱ्या दिवशी दसरा, ती भिंतीवरून सोन्याची पानं द्यायला आली. म्हणाली, "चंद्रप्रभा, रागाव, पण पान घे." घेतलं. काय करणार? सोलापुरात सह्या करायला तीच येणार आहे. फॉर्मवर नात्याच्या जागी काय लिहायचं म्हणून विचारत होती. मी म्हटलं, बहीण लिही.

परवा फोनवर तू म्हणालीस, अठरा तारखेचं तिकीट बघून ठेवलंय. "आत्या, तू फक्त एकदा 'ये' म्हण, मी निघते." मी फोन ठेवला. नाझनीनला सांगितलं, रेंज गेली. रेंज नव्हती गेली.

मला भीती वाटते, मृण्मयी. आधी ते लिहून टाकते, म्हणजे पुढचं शूरपणाचं वाटणार नाही. एकोणसाठ वर्षांची झाले, छाती उघडणार म्हणतात. तुझा हात धरून आत जावं असं मला किती वाटतं, ते तुला सांगता येणार नाही. 'ये' म्हणायला एक अक्षर लागतं. ते परवा ओठावर होतं.

पण रात्री झोपताना बेसिनवरचा तो फोटो दिसला. तू निघालीस की गस्तीला दोघं. त्यातले एक म्हातारे. ती बाई लेकरू घेऊन तिसऱ्यांदा येणार, भूक काय वचन पाळते? आणि तेव्हा पुढे व्हायला तू नसशील. तू इकडे माझ्या उशाशी बसशील, आणि तिकडून निरोप येईल. मग तू मला काही बोलणार नाहीस. तुझे आईबाबा गेल्यावर मलाही माझ्या आईनं काही बोलून दाखवलं नव्हतं. पण न बोललेलं घरात कसं राहतं, ते मला माहीत आहे. तेवीस वर्षं मी त्याच्याच सोबत जेवते आहे.

तेच आज सांगायचं आहे.

तुला मी सांगत आले की त्या चतुर्दशीला तुझे आईबाबा गणपती बघायला लातूरला आले, तुला ताप होता म्हणून तुला माझ्याकडे ठेवलं, आणि बाबांची सकाळची शाळा म्हणून ते दोघं संध्याकाळच्या एस.टी.नं गावी परत गेले. यातला ताप खरा आहे. शाळेचं खोटं आहे. श्रीनाथनं रजा टाकली होती. ते दोघं राहायला आले होते. देविकानं उद्याच्या साड्यासुद्धा आणल्या होत्या.

तू चार वर्षांची. तापानं माझ्या मांडीवर झोपलेली. देविका तुला घ्यायला आली, मी म्हटलं, राहू दे, झोपमोड होईल. असं सकाळपासून तीन-चार वेळा झालं असेल. तिला तिचं लेकरू हातात मिळेना. शेवटी ती बोलून गेली, "वन्सं, तुम्हाला लेकरू नाही म्हणून माझ्या लेकराला किती चिकटून बसावं?" दारात नाझनीन उभी होती, तिच्यासमोर. खोटं काय होतं त्यात? खरं होतं म्हणूनच झोंबलं. मी म्हटलं, "माझं घर आहे हे. पटत नसेल तर जा."

श्रीनाथ मध्ये पडला, "अक्का, असं काय बोलतीस." मी तोंड फिरवलं. त्यानं पिशवी उचलली. तुला उचलायला वाकला, तर तुझं अंग भाजत होतं. म्हणाला, राहू दे हिला, उद्या येऊन नेतो. चपला घालून दारात थांबला. "अक्का, येतो." देविकाचे डोळे भरलेले होते, तरी रीत सोडली नाही तिनं. तीही म्हणाली, "येते, वन्सं." भांडून निघालेली बाई, तरी 'येते' म्हणाली.

मी 'या' म्हणायला हवं होतं. दोघांना मिळून एक अक्षर. मी म्हटलं, "जा."

पुढचं तुला माहीत आहे. पहाटे जमीन हलली. इथे फडताळातली भांडी पडली, तिथे गाव पडलं.

आता जे लिहिते ते नाझनीनलाही माहीत नाही. नाझनीन, फोटो काढताना हे वाचशील, तर वाच. दुपारी जीपमधून गावाकडे निघाले तेव्हा अजून काहीच नक्की कळलेलं नव्हतं. तुला नाझनीनकडे ठेवलं होतं. औसा मागे पडलं आणि माझ्या मनात आलं, आता हिला माझ्याकडून परत मागायला कुणी येणार नाही. मी तो विचार बोलावला नव्हता. आला आणि गेला, क्षणभराचा. पण आला होता, मृण्मयी. आणि तो खरा झाला. नंतर मी तुझी वेणी घातली, तुझे डबे भरले, तुझ्या बक्षिसांना कपाट केलं, तेव्हा प्रत्येक वेळी तो मागे उभा असायचा. म्हणून तुला मी सुटं सोडू शकले नाही. तू डॉक्टर व्हावंस, लातुरात राहावंस, समोरच्या गल्लीत दवाखाना टाकावास. मला वाटायचं, ही माया. माया होतीच. पण तिच्यात भीती किती, हे मी कधी निवडून बघितलं नाही.

म्हणून या घरात 'जा' बंद झालं. लोक म्हणायचे, बाई फार रीत पाळते. रीत कसली.

आणि २०१२चा ऑगस्ट. तू परदेशी निघालीस, बॅग घेऊन दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, "येते, आत्या." मी स्वयंपाकघरात जाऊन मिक्सर लावला. तुला वाटलं, आत्या रागावली, दारात आली नाही. मिक्सरमध्ये काही नव्हतं गं. 'जा' मला म्हणता येत नव्हतं आणि 'ये' म्हणायचा हक्क मी कधीच घालवून बसले होते. रिकामं भांडं फिरत राहिलं आणि तुझी रिक्षा गेल्यावर मी बटण बंद केलं. चार वर्षं तू मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाहीस. विचारलं असतंस तर बरं झालं असतं. की नसतं, कुणास ठाऊक.

काल जगदेवीला मी विचारलं, गोफण फेकताना पाखराबद्दल वाईट नाही वाटायचं? उपाशी पाखरू, दाणा समोर दिसतोय, आणि आपण हाकलतो. तिनं तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "वाटायचं की. पन वाईट वाटलं म्हनून हात आकडला, तर दोरी बोटातच ऱ्हाती, बाई. मग दगूड आपल्याच डोस्क्यात." तिला काही माहीत नाही, तिनं आपलं गोफणीचं सांगितलं. मी उठून देवापाशी गेले आणि तिथे बसून रडले. मनसोक्त रडले. पोरींना वाटलं, आत्याबाई ऑपरेशनला भ्याल्या. महादेवी जवळ येऊन मला म्हणते, "आत्याबाई, रिपीटरचं हमखास होतं. डॉक्टर लोकांनी लई सराव केलेला असतो." हसावं का रडावं तेच कळेना. दोन्ही केलं.

तर आता माझं ऐक. बावीसला ऑपरेशन आहे. नाझनीन बाहेर बसेल, जगदेवी मेस चालवील, पोरी अभ्यास सोडून कालवा करतील. झाल्यावर खाला तुला कळवील, बरं असो वा वाईट, आणि या वेळी मी तिला कसम घातलेली नाही. मला काही झालंच, तर तू तिथे होतीस म्हणून झालं असं मनात आणू नकोस. ते ओझं मी वाहिलंय, ते फार जड असतं आणि त्याचा कुणालाच उपयोग नसतो. तू तिकीट काढायचं नाही. बर्फ धरेपर्यंत त्या मायलेकरांच्या पुढे उभी राहा. ती आली की ओरड, दगड बाजूला टाक, दोरी वेळेवर सोड. तिला वाटेल तू वैरी आहेस. वाटू दे. तिचं लेकरू तिच्या पायात जिवंत असेल, तर तिला काय वाटतं याला महत्त्व नाही.

एका आईला मी तिच्या लेकरापासून तोडून घालवलं. या आईला तू लेकरासकट घालव. हे मी मोदकसाठीच म्हणते असं नाही, तुला कळतंय.

आणि माझा राग आला तर येऊ दे. चार-सहा महिने पत्र नाही पाठवलंस तरी मी समजेन. फक्त फोटो पाठवत राहा, पोरी विचारतात. बर्फ धरला, ती दोघं आत दूर निघून गेली, दिसेनाशी झाली, की मग तुला वाटलं तर निघ. मी असले तर दार उघडंच आहे. नसले तर किल्ली नाझनीनकडे आहे.

आज मिक्सर बंद आहे. मी उठून, दम घेत घेत, बाहेरच्या दारापर्यंत आले आहे आणि उंबऱ्याशी खुर्ची ओढून हे शेवटचं लिहिते आहे. चार वर्षांपूर्वी तू इथे उभी राहून 'येते' म्हणाली होतीस. त्याचं उत्तर राहिलं होतं.

जा, बाळा.

दारात आलेली,
तुझी आत्या